मोरपंखी की बदामी

हाजराच्या हॉलच्या भिंतीवर दोन पट्टे होते, एक मोरपंखी आणि एक बदामी. हातभर लांब, वीतभर रुंद, आणि रमजान ईद उलटून गेली तरी तसेच. एवढ्यात रितेश पेंटरनं अख्खा मोहल्ला रंगवून काढला असता. घरात येणारा माणूस आधी सलाम करायचा, मग पंख्याखालची खुर्ची पकडायचा, आणि सरबताचा ग्लास हातात येण्याआधीच मान तिरकी करून फर्मान सोडायचा, "बदामी बरा." नाहीतर, "मोरपंखी घ्या, उठून दिसतो." अरे बाबा, तुला कुणी विचारलंय? पण महाडात न विचारता मत देणं हा चांगुलपणा समजतात, त्यामुळे बोलायची सोय नाही.

आता खरी गोष्ट सांगायची तर हाजराला मोरपंखी नको होता, बदामीही नको होता. तिला रंगच नको होता.

तिचा नवरा मुराद पंचवीस वर्षं दोह्याला. दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचा, आणि आला की घराला रंग द्यायचा. मोहल्ल्याची रीतच ती. आखातातला माणूस घराला रंग दिल्याशिवाय परत जात नाही. तो तर जाणार. मागे दोन वर्षं लोकांना काय दिसणार? रंग दिसणार. त्यामुळे रंगाचा पहिला हात झाला की माळ्यावरची बॅग खाली यायची, आणि दुसरा हात सुकायच्या आत मुराद रिक्षात बसून वीर स्टेशनला. मागे उरायची हाजरा आणि तो वास. आफिया पोटात होती त्या खेपेला गुलाबी दिला होता. मुराद गेला आणि हाजराला उलट्या सुरू झाल्या. बायका म्हणाल्या, पोटात पोर आहे म्हणून. हाजरा म्हणाली, रंगामुळे. पुढे पोपटी झाला, आकाशी झाला, एकदा तर असा पिवळाजर्द झाला की लोक हळदीला आल्यासारखे घरात शिरायचे. प्रत्येक रंग म्हणजे दोन वर्षांची सजा, आणि सजा नवऱ्याला नव्हे, तिला.

पुराच्या साली छातीएवढं पाणी आत शिरलं. सासू तेव्हा हयात होती, तिला घेऊन हाजरा माळ्यावर बसली होती, खाली तिची गोदरेजची कपाटं होड्यांसारखी फिरत होती, आणि मुराद दोह्याहून फोनवर सांगत होता, "घाबरू नको गो, हिंमत ठेव." वाळवंटात बसून हिंमतीच्या गोष्टी करायला काय जातं! चिखल तिनं एकटीनं उपसला. त्या वेळी ती मुरादवर जितकी चिडली तितकी आयुष्यात कुणावर चिडली नव्हती, आणि तो समोर असता तर त्याच्या गळ्यात पडून रडली असती, हेही तितकंच खरं.

या खेपेला मुराद आला तो मोठ्या दोन बॅगा घेऊन. हाजराच्या मनात जराशी आशा लुकलुकली. केस पांढरे झालेत, गुडघे कुरकुरतात, आता राहील. पण पहिल्याच संध्याकाळी शेजारचा तौकीर येऊन टपकला. हा कुवेतला असतो, आणि सुट्टीवर आला की सुट्टीवर आलेल्या बाकीच्यांची हजेरी घेत फिरतो.

"मुरादभाई, परत कधी?" त्यानं बसायच्या आधी विचारलं.

"बघू," मुराद म्हणाला. "घराचा रंग झाला की."

हाजरा आत तव्यावर तांदळाची भाकरी उलटत होती. बोटं पोळली तरी तिला कळलं नाही. असं होय, रंग झाला की. ठीक आहे, तिनं मनात म्हटलं. मग रंग होतोच कसा ते बघते.

दुसऱ्या दिवशी बिरवाडीचा रितेश पेंटर आला. पोरगा कामाला चोख, पण तोंडाळ. त्यानं रंगांचं कार्ड उघडून चहाच्या कपाशेजारी पसरलं. हल्ली रंगांना अशी नावं देतात की जणू भिंतीचं बारसं आहे. बदामीचं नाव होतं "सायलेंट डेझर्ट".

"डेझर्ट?" मुराद ताडकन म्हणाला. "डेझर्ट मी पंचवीस वरसं बघितलंय. सायलेंट कसला? रात्रंदिवस जनरेटर! सकाळी डोळे उघडले की तोच रंग, झोपताना तोच रंग. आता घरात पन तेच बघू? मला मोरपंखी पायजे."

हाजराला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. भांडण आयतं ताटात वाढून आलं होतं. "मोरपंखी नाय चालनार," ती म्हणाली. "भरदुपारी दिवा लावायला लागंल. मला बदामीच पायजे."

"अगं पन..."

"पन नाय आनि बिन नाय. तुमी जानार निघून. त्या भिंतीकडं बघत बसायचं मला हाय."

रितेशनं शहाणपणा केला. दोन्ही रंगांचे पट्टे भिंतीवर ओढले आणि म्हणाला, "चाची, दोन-चार दिवस उजेडात बघा, दिव्यात बघा, मग निवांत सांगा." हाजरासारख्या बाईला निवांत सांगा म्हणणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक.

तिनं खरोखरच निवांत बघायला घेतलं. सकाळी खिडकी उघडून बघे, दुपारी पडदा लावून बघे. संध्याकाळी ट्यूबलाइट गेली म्हणून बल्ब लावला, तर म्हणाली, "बल्बात वेगळाच दिसतो, ट्यूब येऊ दे, मग ठरवू." ट्यूब आणायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं आणि आठवडाभर विसरली.

चार-पाच दिवसांनी मुराद जेवताना म्हणाला, "हाजरा, जाऊ दे गो. बदामी तर बदामी. घर तुझं हाय."

झालं! नवरा एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ऐकायला तयार झाला, आणि तोही नको त्या वेळी. हाजराच्या घशात घास अडकला. पाणी पिता पिता तिनं डोकं चालवलं.

"बदामी? आनि पूर आला तर?"

"पूर?"

"चिखलाचा डाग बदामीवर कसा दिसंल? मागल्या टायमाला घासून घासून माझे हात सोलले. मोरपंखीत कसं, डाग पोटात जातो."

मुराद तिच्याकडे बघत राहिला. चिडेल असं तिला वाटलं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावर उलट तकाकी आली. "हे पन खरं गो," तो म्हणाला. "विचार करायला पायजे. घाई नाय करायची." आणि त्यानं आणखी एक भाकरी मागून घेतली.

मग हाजरा मोरपंखीच्या बाजूला, तर दोन दिवसांनी मुराद म्हणतो, "हॉल लहान दिसंल. अंधार वाटंल. भरदुपारी दिवा लावायला लागंल." हे तर तिचंच बोलणं, जसंच्या तसं! तिनं मुद्दाम, "बरं, मग बदामी," म्हटलं, तर हा माणूस परत वाळवंट आणि जनरेटर घेऊन बसला. नवऱ्याचं मत मान्य केलं की नवऱ्याला ते नकोसं होतं, अशी हाजरानं आपली समजूत घातली. म्हटलं, बरंच झालं. अल्लानं नवरा खुळा दिला तो उगाच नाही.

पट्टे मोहल्ल्याला पाठ झाले. पोलादपूरकडची गोदूबाई भाजीची पाटी घेऊन दारात यायची. ती एकदा उंबऱ्यावर टेकून म्हणाली, "हाजराबाय, आमच्या गावात दोन पोरींतली एक पसंत करायला एवढा येळ नाय लागत. आता तर दोन्ही पट्ट्यांवर धूळ बसून तिसराच रंग झालाय. तोच द्या."

"तुमी काकडी द्या," हाजरा म्हणाली.

रितेशचे फोन यायचे. मुराद घरात असला की हाजरा परसात जाऊन हळू आवाजात सांगायची, "नको येऊ रे बाबा. घरात पावनं हायेत." पाहुणे नसले तर कुणाला तरी ताप असायचा. रितेश म्हणाला, "चाची, पाऊस लागला की भिंती ओल धरतात, मग दिवाळीपर्यंत हात लावनार नाय." हाजराला ते ऐकून इतका आनंद झाला की तिनं त्याला जेवायलाच बोलावलं.

या सगळ्याचा खरा ताप झाला तो आफियाला. ही त्यांची एकुलती एक लेक. नवरा एमआयडीसीतल्या कारखान्यात, संसार बिरवाडीत, स्वतः शाळेत शिकवते, आणि शिकवण्याची सवय शाळेपुरती ठेवत नाही. तिनं पट्ट्यांचा फोटो काढून खानदानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मतदान लावलं. मोरपंखी आणि बदामी अगदी बरोबरीत सुटले, आणि मुंब्र्याच्या मावशीनं मत दिलं जांभळ्याला, जो रंग उमेदवारच नव्हता.

"अम्मी, प्रॉब्लेम काय आहे तुमचा?" आफिया कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "लग्नाला तीस वर्षं होतील, आणि एका भिंतीवर एकमत नाही?"

"तुझ्या बापाला विचार."

"अब्बा?"

"तुझ्या अम्मीला विचार गो," मुराद पेपरमागून म्हणाला.

आफियानं दोघांकडे बघितलं, कपाळावर हात मारला आणि गेली. ती गप्प बसून गेली, यातच हाजरानं सावध व्हायला हवं होतं. मास्तरीण गप्प बसली म्हणजे पोरांची शामत आलीच.

पुढच्याच आठवड्यात पोलादपूरला महेकचं लग्न होतं. महेक म्हणजे हाजराच्या भावाची मुलगी. लग्नाच्या आदल्या दिवशी दोघं गेली, वलीमा, म्हणजे नवऱ्यामुलाकडचं जेवण, उरकून परत यायचं ठरलं. घराची किल्ली आफियाकडे. लग्नात बिर्याणीच्या पंगतीत जो तो मुरादला तेच विचारत होता, "परत कधी?" आणि मुराद प्रत्येकाला तेच सांगत होता, "रंग झाला की." पलीकडच्या बायकांच्या पंगतीत हाजराला ते ऐकू येत होतं, आणि ती मनातल्या मनात म्हणत होती, म्हणजे कधीच नाय. बिर्याणी तिला फार गोड लागली. वलीम्याला तर ती दुल्हनपेक्षा जास्त हसत होती.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं महाडला उतरली, रिक्षा करून घरी आली. दारात आफिया उभी, तोंडावर हसू मावत नव्हतं. तिच्यामागे रितेश, केसांत रंगाचे ठिपके.

वास हाजराला उंबऱ्यावरच आला. तिचे पाय तिथंच थांबले.

"या ना आत!" आफियानं तिचा हात धरून ओढलं. "सरप्राइज!"

हॉल रंगवून झाला होता. तीन भिंती बदामी, आणि टीव्हीच्या मागची एक भिंत मोरपंखी. "हायलाइट म्हणतात याला," आफिया सांगत होती. "दोघांचंही ऐकलं. रितेशदादानं दोन्ही हात मारलेत, सुकला पण. आता बोला, कोण जिंकलं?"

आफियानं आईकडे बघितलं, तर आईचं तोंड उतरलेलं. बापाकडे बघितलं, तर बापाचं तोंड आईपेक्षा उतरलेलं. एखाद्यानं घरात मयत आणून ठेवावी तशी दोघं त्या मोरपंखी भिंतीकडे बघत होती.

"आवडला नाही का?" आफियाचा आवाज बारीक झाला.

रितेशला वातावरण कळलं. "मी ब्रश धुतो," म्हणून तो परसात सटकला.

हाजरा मटकन खाली बसली आणि सरळ रडायला लागली. पदराखाली मुसमुसणं वगैरे नाही, चांगला गळा काढून. "झालं तुझ्या मनासारखं? आता काढ बॅग खाली. दे बापाच्या हातात. तुला काय ठावं, रंग झाला की तो जातो! दर टायमाला जातो! मी त्या मेल्या पट्ट्यांकडं बघून एकेक दिवस ढकलत होते, आनि तू मला सरप्राइज देतेस?"

आफिया थिजलीच. "अम्मी, तू मुद्दाम...?"

"मुद्दाम नाय तर काय! मला काय भिंती चाटायच्या होत्या?"

मुराद खुर्चीच्या काठावर बसला होता. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत डोक्यावर घातली.

"कुठं जानार मी?" तो म्हणाला.

"दोह्याला! आनि कुठं!"

"दोह्यात कोन विचारतंय मला?"

हाजराचं रडणं मध्येच थांबलं. मुराद भिंतीकडे बघत बोलायला लागला. कंपनीनं व्हिसा पुढे वाढवलाच नव्हता. साहेबानं केक कापला, फोटो काढला, पाठीवर थोपटलं आणि त्याच दुपारी त्याच्या ट्रकची चावी एका जवान पोराच्या हातात दिली. त्या दोन मोठ्या बॅगांत त्याचा तिकडचा सगळा संसार होता.

"मग तौकीरला का सांगितलंत रंग झाला की म्हनून?" हाजरानं विचारलं.

"मग काय सांगू? काढून टाकला म्हनून सांगू?" मुरादचा आवाज चिरका झाला. "परत कधी, परत कधी, असं लोक विचारतात तोवर आपन मानूस असतो गो. परत नाय जानार म्हटलं की कोन खुर्ची पन पुढं सारत नाय. रंग झाला की काय बोलनार होतो मी? म्हनून तू बदामी बोललीस की मी मोरपंखी बोलायचो. एकदा तुझ्याखातर हो बोलून बसलो, तर तूच पूर काढलास, माझा जीव भांड्यात पडला. तू मोरपंखीवर आलीस की मला घाम फुटायचा. मग पटकन बदामी."

आफिया एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. "म्हणजे दोघंही? आणि मी वेड्यासारखी ग्रुपवर मतदान घेत बसले?"

हाजराला आधी हसू आलं. इतकं हसू, की पोटात कळ आली. मग राग आला. महिनाभर तिनं जीव मुठीत धरून काढला, आणि ज्याच्यासाठी काढला तो कुठं जाणारच नव्हता! आणि मग, हसू आणि राग दोन्ही ओसरल्यावर, जे उरलं ते कडू होतं.

"म्हंजे माझ्यासाठी नाय राह्यलात," ती म्हणाली. "तिकडं नको झालात म्हनून राह्यलात."

मुराद आपल्याच हॉलमध्ये गुडघे जवळ घेऊन असा बसला होता, जसा कुणाच्या ऑफिसात नाव पुकारायची वाट बघत बसतात. हाजराला त्याचा राग करायचा होता, भरपूर करायचा होता, पण तो पोक काढून बसलेला माणूस बघून तिला रागच धरता येईना.

तेवढ्यात तौकीर आला. नव्या रंगाचा वास त्याला दोन घरं पलीकडून आला असावा. "वा, वा, वा!" तो दारातूनच ओरडला. "एक नंबर! झाला म्हनायचा एकदाचा रंग. मग मुरादभाई? तिकीट कधीचं?"

मुरादनं तोंड उघडलं. आफिया जमिनीकडे बघायला लागली.

"तिकीट रद्द केलं," हाजरा म्हणाली.

"रद्द? कोनी?"

"मी." ती उठली, डोळे पुसले, पदर नीट केला. "कंपनीचे फोनवर फोन येतात. साहेब बोलतो, मुराद पायजेच. पगार वाढवतो बोलतो. साहेबाची बायको तर फोनवर रडली. पन मी नाय सोडत. पासपोर्ट मी लपवून ठेवलाय, सापडला तर माझं नाव बदला."

तौकीरचं तोंड उघडंच राहिलं. "भाभी, अशी चांगली नोकरी! बिचाऱ्याला जाऊ तरी द्या."

"नाय देत."

"लोक काय बोलतील?"

"हाजरानं नवऱ्याला कोंडून ठेवला, असं बोलतील. बोलू दे. जा, तूच सांग सगळ्यांना, तुला येळ हाय."

तौकीर निघाला तो जवळजवळ पळतच. रस्त्यावर पोचायच्या आधी त्यानं खिशातून फोन काढला होता. संध्याकाळच्या मगरीबच्या नमाजापर्यंत अख्ख्या मोहल्ल्यात हाजरा जुलमी म्हणून गाजणार, आणि मुरादला बघून लोक हळहळणार, ह्यात शंका नव्हती.

आफियानं शहाणपणानं चहा ठेवायला म्हणून स्वयंपाकघर गाठलं. हॉलमध्ये दोघंच राहिली.

"साहेबाची बायको कुठनं आनलीस?" मुरादनं हळूच विचारलं. "मी सिमेंटचा ट्रक चालवायचो. साहेबाला बायको हाय का नाय, ते पन मला ठावं नाय."

"मग काय सांगू? ट्रक रडला म्हनून सांगू?"

मुराद हसला. हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले, आणि ते हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं ते त्यालाही कळलं नाही. त्यानं तोंड हातांनी झाकलं. हाजरानं त्याला रडू दिलं. ती त्याच्या खुर्चीला टेकून उभी राहिली आणि त्याच्या टोपीवर हात ठेवला.

"राहू मग?" हातांआडून त्यानं विचारलं.

हाजराला एकदम भरून आलं. इतक्या वेळा हा माणूस त्या दारातून बॅग घेऊन बाहेर पडला होता, आणि एकदाही त्यानं तिला जाऊ का असं विचारलं नव्हतं.

"रहा," ती म्हणाली. "मी बोलते ना. रहा."